अर्धा कोयता

आमच्या तांड्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मुकादम हिशेब जोडीचा धरतो आणि बोलणी फक्त पुरुषाशी करतो. माझे आईबापही असेच एक कोयता होते. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. आणि मी म्हणे संख्याशास्त्र शिकत होतो.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझ्या सरांनी जिल्ह्यातल्या रोजगाराचा आणि बेकारीचा अभ्यास काढला होता. माणसामाणसाला विचारायचं, काम कोणतं, वर्षातून किती महिने, गावात की बाहेर, काम नसेल तर शोधता का. मग ही उत्तरं संगणकाला द्यायची आणि त्याच्याकडून सारख्या माणसांचे गट पाडून घ्यायचे. ज्या दोघांची उत्तरं सगळ्यात जवळची, त्यांना तो आधी जोडतो. मग त्यांच्या जवळच्यांना. असं करत उलट्या झाडासारखी आकृती तयार होते. पदवी घेऊन घरी बसलेला पोरगा आणि उन्हाळ्यात हाताला काम नसलेली मजूर बाई, दोघांनाही लोक बेकारच म्हणतात, पण त्यांची बेकारी एक नाही, हे सरांना दाखवायचं होतं. औंढा तालुका माझ्या वाट्याला आला. शिरड शहापूरच्या बाजूचा आमचा तांडाही त्यातच होता.

तांड्यावरच्या बायकांना मी काम विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, लिहिलं ना, त्यातच आलं. एक कोयता दोनदा लिहायचा म्हणजे त्यांना लबाडी वाटत होती. मलाही त्यांचं पटलं, त्यांच्या नावापुढे मी काम नाही असंच लिहिलं.

पहिली आकृती छापून आली ती मी घरी नेली. बांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचता येत नव्हतं, पण लेकाचं काम म्हणून त्यांनी कागद मांडीवर पसरून घेतला. आपण कुठे आहोत ते विचारलं. मी त्यांची फांदी दाखवली. शेजारी काका होते, मामा होते, बा खूश झाले. मग त्यांनी विचारलं, तुझी याडी कुठं आहे? याडी म्हणजे आमच्याकडे आई. ती कागदाच्या दुसऱ्या टोकाला होती, कधीच काम न केलेल्यांच्या गटात, जवळा बाजारच्या दुकानदारांच्या बायकांच्या शेजारी. बा आधी हसले, याडीला मोठ्या घरची सून म्हणून चिडवलं. मग कागदावरच्या त्या अंतरावर बोट फिरवत राहिले. आमच्या घरात गोरमाटी बोलतात, पण ते म्हणाले ते मराठीत असं होतं:

"ती माझ्या बाजूला असते. एवढ्या लांब काहून टाकलीस? हे बराबर कर."

सरांना सांगितलं तर ते रागावले नाहीत. पुढच्या फेरीत बायकांना वेगळं विचार म्हणाले. दसऱ्यानंतर आईबाप कारखान्यावर गेले आणि बा परत आले ते छातीचं दुखणं घेऊनच. वसमतच्या दवाखान्यात नेलं, पण त्या उन्हाळ्यात ते गेले. मला अजून राग येतो. कोणावर, ते मात्र सांगता येत नाही.

पुन्हा दसरा आला तसा मुकादम तांड्यावर आला. याडीने कोयता घासून ठेवला होता. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, अर्ध्या कोयत्याला कोण नेईल? तोडशील, बांधशीलही, पण मोळी उचलून डोक्यावर कोण देईल तुला? मी पुढे होऊन म्हणालो, मी येतो जोडीला. याडीने मला सगळ्यांदेखत झापलं आणि कोयता आत नेऊन ठेवला.

टोळ्या गेल्या, तांडा ओस पडला. म्हाताऱ्या माणसांबरोबर याडी पहिल्यांदाच हिवाळाभर घरी राहिली. रिकामं बसायची तिला सवयच नव्हती. मी सुट्टीत गेलो तेव्हा ती कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करून उसासारख्या मोळ्या बांधत होती. एका चुलीला एवढं सरपण लागत नाही, हे तिलाही कळत होतं. माझ्याने पाहवलं नाही.

टोळ्या परतल्यावर मी दुसरी फेरी केली, ती घरापासूनच सुरू केली. याडीची ओळ आता वेगळी लिहिली. मोळ्या बांधते, वाहते, परगावी जाते, यंदा काम मिळालं नाही, शोधते आहे. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. बांनी सांगितलेलं काम झालं म्हणून मला जरा बरं वाटत होतं. तिने विचारलं, आणि तुझा बा? मी म्हणालो, यात हयात माणसंच ठेवतात, त्यांची ओळ काढावी लागली.

"मंग मला काहून ठेवलंस?" ती म्हणाली. "अर्धा कोयता नसते हे मुकादमाला कळते, तुला कळंना व्हय?"

मी तिला समजावलं. काम तुझं होतं, ते तुझ्या नावावर यायला हवं, बा स्वतःच तसं म्हणाले होते.

"त्यो म्हणला, बाजूला टाक. एकटी टाक म्हणला न्हाई."

तिची ओळ मी खोडली नाही. नव्या आकृतीत तांड्यावरची सगळी जोडपी शेजारी शेजारी आली, बांना हवी होती तशी. याडीची फांदी सगळ्यांच्या शेवटी, एकटीच जोडली गेली. तो कागद मी घरी नेला नाही.