मशीन म्हणालं, हद्दीबाहेर!

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून आला होता. आणि हो, मध्येच माझी बाजू घेऊ नका. ती घेण्यासारखी नाही.

माझी सगळी नोकरी महाडच्या मोजणी कचेरीत गेली. जन्मभर लोकांच्या बांधांची भांडणं कागदावर उतरवली आणि निवृत्त होऊन पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमच्या गावात येऊन राहिलो. मुलाने अंगणात लॉन करून दिलं. ते कापायला पुण्याहून एक मशीन धाडलं. परातीएवढं. आपलं आपण फिरतं, गवत कापतं, दमलं की चार्जिंगच्या खोक्याशी जाऊन बसतं. लॉनच्या कडेने जमिनीत एक बारीक वायर पुरलेली असते. तीच त्याची हद्द. ती ओलांडून ते जात नाही. माणसांना अशी वायर बसवता आली असती, तर आमच्या कचेरीला टाळंच लागलं असतं!

दिवाळीनंतर एका सकाळी ते बंद पडलं. वायर तुटली, असं मोबाइलवर आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, दुरुस्तीला माणूस पाठवतो."

"मला वाचता येतं," मी म्हणालो. माहितीपुस्तक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचलं. इथून माझ्या वाईट दिवसांना सुरुवात.

तुटलेली जागा सापडली, ती नेमकी धोंडूदादाच्या बाजूला. धोंडूदादा माझा चुलत भाऊ आणि शेजारी. दोन म्हशी, थोडी भातशेती आणि एक कायमचा बारीक केलेला डोळा. वायर उंदराने खाल्ली होती. जोडली. पण वाकडी दिसत होती हो! कारकुनाला वाकडी रेघ सोसत नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोरीखाली चुन्याची रेघ मारली.

बायको पायरीवरून म्हणाली, "आधी दादांना हाक मारा. बांधाशी खुंटी ठोकताय."

"गवताच्या मशीनला भावकीची संमती लागते का?"

बांधाजवळ खुंटी, दोरी आणि चुना दिसला तर त्याचा अर्थ काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला नाही कळलं.

धोंडूदादा म्हशी सोडायला निघाला आणि थबकला.

"मोजणी आनलीस काय रे?"

"नाही दादा, वायर पुरतोय."

"कसली वायर?"

"मशीनला आपली हद्द कळावी म्हणून."

यापेक्षा वाईट उत्तर तुम्हाला तरी सुचलं असतं का?

"मशीनला कळवतोस, नि भावाला नाय?" म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुंबईतली मुलगी सुगंधा वीर स्टेशनला उतरून रिक्षाने हजर! हातात सातबारा, मागे भावकीतली सात-आठ माणसं. बायकोने चहाचं आधण वाढवलं.

"काका," सुगंधा म्हणाली, "तुम्ही ऑफिसातली माणसं. बाबांना फसवायला काय टाइम लागतोय?"

लागलं हो मला ते. दादाने रोज एसटीने महाडला धाडलेल्या म्हशीच्या दुधावर माझा मुलगा वाढला. तीन पिढ्यांत आमच्या दोन घरांत बांधावरून शब्द झाला नव्हता. आणि तो आता माझ्यामुळे होणार?

"थांबा, दाखवतोच तुम्हाला!" मी वायरची दोन्ही टोकं खोक्यात खोचली, मशीन लॉनच्या बरोब्बर मध्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. त्याने एक गिरकी घेतली, थांबलं, आणि बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी बोललं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय बोलते गो ती?" दादाने लेकीला विचारलं.

सुगंधाने हसू दाबलं. "बोलते, मी हद्दीच्या भायेर हाय."

"नि आता हाय कुठं?"

"काकांच्या अंगणात."

जो काय हशा उठला! माझ्याच अंगणात, माझंच मशीन, आठ साक्षीदारांसमोर माझ्याविरुद्ध जबाब देत होतं.

मुलाला फोन लावला. "बाबा, टोकं उलटी खोचलीत. त्याला आतलं बाहेर वाटतंय." टोकं बदलली. मशीन निमूट गवत कापू लागलं. पण आता ऐकतो कोण?

"ती बोलली ती बोलली," दादा म्हणाला. "आता सरकारी मोजणीच होऊ दे."

मीही इरेला पेटलो. "होऊ दे! अर्ज मीच लिहून देतो!" दिला. सुवाच्य अक्षरात.

यथावकाश मोजणी झाली. मोजणीदार नकाशा गुंडाळता गुंडाळता माझी नजर चुकवत म्हणाला, "साहेब, तुमचं लॉन दोन हात दादांच्या जागेत गेलंय."

माझी मान खाली. "दादा, आजच वायर मागे घेतो."

"ऱ्हाऊ दे रे. दोन हातांनी माझी म्हस काय उपाशी मरत नाय."

मी रागाने मशीनकडे पाहिलं. दादाच्या ते लक्षात आलं.

"तिला काय बोलू नको हां," तो म्हणाला. "तुझ्या घरात तेवढी एकच खरं बोलनारी हाय."