मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" असं डॉक्टर म्हणाले आणि मी मुकाट्यानं उठले. पोट माझं, पोटातली गाठ माझी, सुई टोचून घेतली तीही मीच. पण रिपोर्ट आला तेव्हा आतल्या खुर्च्यांवर बसून राहिले आमचे मिस्टर आणि पुण्याहून आलेला मुलगा. मी बाहेरच्या बाकड्यावर. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला माझा. पोराला वर्गाबाहेर उभं करायचं असलं तरी आधी त्याला कारण सांगायची मी.

बाकड्यासमोरच्या भिंतीवर एक भलामोठा फलक लावला होता, रुग्णांचे हक्क म्हणून. समोर अक्षर दिसलं की वाचून काढायचं, ही माझी जुनी खोड. वरतीच लिहिलं होतं, आपल्याला कोणता आजार आहे आणि त्यावर काय उपाय आहेत, हे समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. मी तो फलक वरून खाली वाचला, पुन्हा वाचला, तरी आतली मंडळी बाहेर येईनात. शेवटी आली तेव्हा मुलानं तोंड धुतलेलं दिसत होतं आणि ह्यांनी माझी पिशवी आपणहून उचलली. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी पिशवी ह्यांनी कधी उचलल्याचं मला आठवत नाही.

"काय म्हणले डॉक्टर?" मी विचारलं.

"काय न्हाई," हे म्हणाले. "आतड्याला सूज हाय. बिलकुल टेन्शन घ्यायचं न्हाई म्हणले."

ही सूज उतरवायला पुढं दर थोड्या दिवसांनी संभाजीनगरला जाऊन सलाईन घ्यावं लागलं आणि त्यानं डोक्यावरचे केस गेले, अशी सूज काही मी विज्ञानाच्या पुस्तकात शिकवली नव्हती. पण त्या दिवशी हे जिना उतरताना माझा हात धरून चालले होते. त्या हाताकडे बघत मी पायऱ्या उतरले.

आमच्याकडे हे असंच चालतं. वाईट बातमी घरातल्या पुरुषमाणसाला दाराआड सांगायची आणि ज्याची बातमी त्याला सूज आहे म्हणायचं. कारण विचारलं तर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, पेशंट खचून जातो. अरे, खचू द्या की! माझं आयुष्य संपत आलं असेल तर चार दिवस खचायची मुभा तरी मला असावी. त्या भिंतीवरच्या फलकात एवढा एक हक्क लिहायचा राहून गेला होता.

दवाखान्यातून निघाल्यावर रिक्षा स्टेशनकडे जायच्या ऐवजी ह्यांनी जालन्याच्या बाजारात वळवायला लावली. एका मिठाईच्या दुकानापाशी थांबवली आणि गरम जिलेबीचा पुडा घेऊन आले. मला वाटलं, मुलासाठी असेल. तर पुडा उघडून माझ्यासमोर धरला.

"खा," म्हणाले.

आता इथं आमचे मिस्टर कोण हे सांगायला हवं. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत ह्यांची सगळी नोकरी झाली. ओल्या कापडात बिया गुंडाळून ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं, हे ह्यांचं काम. लॉट खराब निघाला तर मालकाच्या तोंडावर सांगायचे, "हे उगवायचं न्हाई, विकू नका." त्यात भीडभाड नाही. मला शुगर निघाल्यापासून माझ्या खाण्यावरही ह्यांची तीच नजर. सकाळच्या चहात अर्धा चमचा साखर, तीही चमच्यावर सुरीची पाठ फिरवून सपाट केलेली. चहा मी करायची, पण साखर घालायला हे उभे. लग्नकार्यात माझ्या ताटातला लाडू ह्यांनी चारचौघांत उचलून आपल्या ताटात घेतला होता. त्यावरून मी आठवडाभर अबोला धरला होता.

असा हा माणूस मला जिलेबी देत होता.

"अहो, आणि माझी शुगर?"

"डॉक्टरच म्हणले, आता त्यांना काय आवडतं ते खाऊ द्या म्हणून." बोलून गेले आणि लगेच रिक्षावाल्याला म्हणाले, "चला हो, जल्दी चला, गाडी निघून जाईल."

मुलगा बाहेर बघत होता. आजाराचं नाव मला अजून ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं त्या रिक्षात कळलं. आणि लाज वाटते सांगायला, जिलेबी मला फार आवडली. इतक्या वर्षांनी खाल्ली होती. पाक बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता, मी रडत होते आणि खात होते. हे म्हणाले, "तिखट हाय का काय?" जिलेबी तिखट आहे का म्हणून विचारणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

बदनापूरला घरी आल्यावर तर गोडाधोडाला ऊतच आला. शेजारच्या भाभी ईदला माझ्यासाठी बिनसाखरेचं दूध वेगळं काढून ठेवायच्या, त्या वाटीभर शिरखुर्मा घेऊन आल्या. "खा लो बाजी, अब सब चलता. साहबच बोले." बोलल्या आणि मग माझ्याकडे न बघता ओढणीनं वाटीचा काठ पुसत बसल्या. विहारातल्या बायका आल्या. दर रविवारी आम्ही तिथं एकत्र बसून ऐकतो, सगळं अनित्य आहे, जे जन्मलं ते जाणार. पण माझ्या पलंगापाशी बसून त्या बोलल्या कापसाच्या भावाबद्दल. प्रत्येकीला दारातच ह्यांनी ताकीद दिलेली असायची. कुजबूज मला ऐकू यायची. पोट बिघडलं होतं, कान नव्हते बिघडले.

मरणाची भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटते, फार वाटते. पण तिच्याहून मोठी एक काळजी होती आणि ती ह्यांची. माझ्यामागं मुलगा ह्यांना पुण्याला नेणार. तिथल्या फ्लॅटमध्ये ह्यांचं मन चार दिवसांवर रमत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी बराबर आलं असेल का, गच्चीवरच्या कुंड्या वाळल्या असतील का, म्हणून बदनापूरला शेजाऱ्यांना फोन सुरू. मला ह्यांना सांगायचं होतं की जाऊ नका, इथंच राहा, तुमच्या माणसांत. पण इथं एकट्यानं राहायचं तर दोन घास शिजवता यायला हवेत. आणि आमच्या मिस्टरांनी तोवर गॅसही पेटवलेला नव्हता.

म्हणून एकदा सलाईनचा थकवा जरा उतरल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. "या इकडं. कुकर कसा लावायचा ते बघून ठेवा. वरण काही अवघड नाही."

"कशाला? तू हायेस की."

"आणि मी नसले तर?"

"कुठं जाऊन राह्यलीस तू?" असं म्हणाले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. डाळ धुवून तशीच राहिली. ह्यांनी वरण शिकायचं म्हणजे मी जाणार हे मान्य करायचं. ते मान्य होत नव्हतं, म्हणून वरण शिकणं होत नव्हतं. आणि मी तरी काय सांगणार? मला तर फक्त सूज होती ना.

मग मी ठरवलं, डॉक्टरांनाच विचारायचं. त्यांनी माझ्यासमोर एकदा सांगितलं की ह्यांचीही सुटका होईल. पुढच्या वेळी जालन्याला गेलो, तेव्हा हे खाली मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला गेले आणि मी एकटीच आत शिरले.

"डॉक्टर, मला किती दिवस आहेत ते सरळ सांगा. मला घरची सोय लावायची आहे."

डॉक्टरांनी माझ्या मागं दाराकडे पाहिलं. "काका कुठे आहेत?"

"काकांचं सोडा. मी विचारतेय."

ते पेनचं टोपण काढघाल करत बसले. तरुण माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा. डोळे भरून आलेले मला दिसले, म्हणून त्याला वाईट म्हणवत नाही. एवढं शिकला, पण ही गोष्ट बोलायची कशी, ते त्याला कुणी शिकवलं नसावं. "मावशी, तुम्ही स्ट्राँग आहात," तो म्हणाला. "फक्त पॉझिटिव्ह राहा." मग बेल दाबून सिस्टरला म्हणाला, यांच्यासोबतच्यांना वर बोलवा. आणि मला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बसले. फलक तिथंच होता. या वेळी वाचला नाही.

त्या दिवशी दुपारी घरी आलो. हे खुर्चीत बसले, मी पलंगावर. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं असणार मी काय विचारलं ते, कारण गाडीत हे सारखी गोळ्यांची पिशवी उघडत-मिटत बसले होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अहो," मी म्हणाले, "लॉट खराब निघाला तर मालकाला तोंडावर सांगत होतात तुम्ही. मला सांगा. उगवायचं का नाही?"

ह्यांची मान खाली. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, बाहेर जायला निघाले. पण लायटर वाजायला लागला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. पातेलं खाली पडलं. डबे उघडल्याचे आवाज आले, आधी मिठाचा, मग पोह्यांचा, मग चहापत्तीचा; साखरेचा मात्र एका फटक्यात सापडला. दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठले नाही.

चहा घेऊन आले तेव्हा बशीत अर्धा सांडलेला होता. एक घोट घेतला तर पाक नुसता.

"साखर किती टाकली?"

"मोजली न्हाई," म्हणाले. आणि माझ्या पायाशी पलंगाच्या कडेला बसून, तोंडावर पंचा धरून, मोठमोठ्यानं रडायला लागले.

मी तो चहा सगळा प्याले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा म्हटलं, पण हात तेवढ्या लांब पोचत नव्हता.