अटवालीची लिफ्ट

तर लिफ्ट काही केल्या हलेना. कारखान्याच्या आवारात चाचणीसाठी उभारलेला तो चार मजली मनोरा, तळाशी दार लावून ढिम्म बसलेली लिफ्ट, आणि समोर तोंड एवढंसं झालेली आपली अटवाली.

अटवाली म्हणजे घरची थोरली सून. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, कारण तिनं तोंड उघडलं की अट बाहेर पडायची. 'चहा करते, पण मागाहून कुणी साखर मागायची नाही.' नोकरीही नेमकी साजेशी मिळाली. लिफ्टनं कसं चालायचं याचा प्रोग्राम बाकीचे लोक ओळ न् ओळ हातानं लिहीत. ही नुसत्या अटी लिहायची, तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत, आणि त्यातली एकही मोडणार नाही असा प्रोग्राम कॉम्प्युटर आपला आपण तयार करायचा. मालकांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. एका दवाखान्याला लिफ्ट द्यायची होती. ते म्हणाले होते, "आज चालवून दाखवा. नाही जमलं तर हे खूळ बंद. उद्यापासून तक्रारींच्या फोनवर बसा."

"बाई, मोटर ठणठणीत आहे, वायरीही बघितल्या," मेकॅनिक म्हणाला. "मला वाटतं ही रुसलीय."

"लिफ्ट रुसत नसते."

"मग तुम्हीच काहीतरी बोलला असाल तिला."

अटवालीनं कॉम्प्युटरनं लिहिलेला प्रोग्राम उघडला. हा एवढासा! अर्थ इतकाच, की दार लाव आणि जागची हलू नकोस. तिनं आपल्या अटी पुन्हा वाचल्या. दार उघडं असताना हलायचं नाही. दोन मजल्यांच्या मध्ये थांबायचं नाही. जास्त वजन घेऊन निघायचं नाही. बसल्या जागी सगळ्या पाळल्या होत्या की! तिला एकदम नवरा आठवला. 'दूध उतू जाऊ द्यायचं नाही' असं बजावून ती निघाली, की हा गडी दूध तापवायलाच ठेवत नसे, आणि वर संध्याकाळी छाती पुढे काढून उभा.

"काय करायचं नाही तेच सांगत बसले," ती पुटपुटली. "काय करायचं ते राहिलंच."

"आमच्या घरीही हेच चालतं," मेकॅनिक म्हणाला.

तिनं नवी अट घातली: बटण कुणीही दाबो, लिफ्टनं त्याच्या मजल्यावर पोचलंच पाहिजे. नवा प्रोग्राम तयार झाला. मेकॅनिक धापा टाकत चौथ्या मजल्यावर चढला, त्यानं बटण दाबलं, आणि लिफ्ट सुळकन वर गेली.

"बाई, आली हो आली!" तो वरून ओरडला. "पण दार उघडत नाही!"

"पोच म्हटलं, उघड कुठे म्हटलं!" अटवालीनं कपाळावर हात मारला आणि तेही लिहिलं.

एवढ्यात मालक आले. लिफ्टनं त्यांना आणि अटवालीला अलगद चौथ्या मजल्यावर नेलं, दार उघडलं, मालक बाहेर पडले. स्वारी एकदम खूश.

"मानलं बाई तुम्हाला! तुमचं काम चालू राहील. करा सही, उद्याच दवाखान्यात बसवतो."

त्यांनी 'लिफ्ट बिनधोक आहे' असं लिहिलेला कागद आणि पेन पुढे केलं. एक सही, की फोनची कटकट कायमची टळली. अटवालीनं पेन हातात घेतलं, जरा वेळ धरलं, आणि टोपण लावून परत दिलं.

"आता काय झालं?" मालकांच्या कपाळाला आठ्या. "चालली की!"

"चालली ना. मी सांगितलेलं ती मोडणार नाही, याची हमी मी देते, साहेब. पण मीच काय सांगायला विसरले ते आज दोनदा कळलं, अजून काय राहिलंय ते कळायचंय. तोवर मला फोनवर बसवायचं तर खुशाल बसवा, पण उतरताना तुम्ही आपले जिन्यानंच उतरा."