प्रतिज्ञा सांगणारी

आमच्या थोरलीला घरात सगळे कुजबुज म्हणतात. ती लहान असताना तिच्या आत्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की आता शेजारीही तिला त्याच नावाने हाक मारतात. तिचा आवाज मुळी चढतच नाही. शाळेतल्या बाईंची दरवर्षी एकच तक्रार, की हिला उत्तर येतं पण ते ऐकू येत नाही. गंमत म्हणजे तेच उत्तर मागच्या बाकापर्यंत व्यवस्थित पोचायचं आणि आजूबाजूच्या मुली पटापट हात वर करायच्या.

कॉलेजात हा अवगुण कामाला आला. हौशी नाटकवाल्यांनी तिला प्रॉम्प्टर केलं. ती विंगेत वही धरून उभी राहायची आणि नट अडला की त्याला वाक्य द्यायची. पहिल्या रांगेला कळायचंसुद्धा नाही. एकदा नायक प्रेमाची कबुली द्यायला गुडघ्यावर बसला आणि पुढचं सगळं साफ विसरला. हिने विंगेतून ते अख्खं पान त्याच्याकडून शब्द न् शब्द म्हणवून घेतलं. लोकांनी नायकासाठी टाळ्या वाजवल्या. हिला मात्र एकही नाटक पाठ नव्हतं. वही हातात असताना पाठ कशाला करायचं, हा तिचा मुद्दा, आणि तो मला कधी खोडता आला नाही.

पुढे ती नगरसभेच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागली, पण कंत्राटी. दरवर्षी मुदत संपायची आणि मुदतवाढीचं पत्र आलं का, हे मी तिला रोज दारातच विचारायची. तिचे बाबा म्हणायचे, होईल सगळं नीट. बाबांचं काय जातंय म्हणायला.

अशात नगरसभेत नवे सभापती आले. देशप्रेम त्यांच्या कुडत्याच्या इस्त्रीपासून दिसायचं. आल्या आल्या त्यांनी नियम केला, की सभेच्या सुरुवातीला प्रत्येक सदस्याने राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणायची. जो म्हणणार नाही त्याला त्या दिवशी बोलता येणार नाही. रोख कोणावर होता ते कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक होतं. मास्तरांवर.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त कवायतशिक्षक, अपक्ष निवडून आलेले. प्रत्येक ठरावाला त्यांचा एक तरी प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर सहसा कोणाकडे नसायचं. याच माणसाने वर्षानुवर्षं मैदानावर उन्हात उभं राहून मुलांकडून हीच प्रतिज्ञा म्हणवून घेतली होती. त्यांनी सांगून टाकलं, की आजवर म्हणत आलो, उद्या घरी एकटा असलो तरी म्हणेन, पण बोलायचं तिकीट म्हणून म्हणणार नाही. तेव्हापासून प्रतिज्ञेच्या वेळी ते सगळ्यांत ताठ उभे राहायचे, तोंड मिटून. मग खाली बसायचे आणि सभा संपेपर्यंत तोंड मिटूनच असायचे.

सभापतींच्या मनासारखं झालं, पण भलतीच अडचण निघाली. पहिल्याच दिवशी त्यांचेच निम्मे सदस्य तिसऱ्या ओळीला गळपटले. उरलेले शेजारच्याच्या तोंडाकडे बघत होते आणि शेजारचा त्यांच्याकडे. खुद्द सभापती नुसतेच ओठ हलवत होते. सचिवांनी पूर्वी आमच्या मुलीची नाटकं पाहिली होती. पुढच्या सभेला त्यांनी तिला सभापतींच्या खुर्चीमागच्या पडद्याआड कागद देऊन उभं केलं. ती एकेक ओळ सोडायची आणि सदस्य छाती पुढे काढून म्हणायचे. सभागृहाचं देशप्रेम रुळावर आलं.

हळूहळू सवयच लागली. मतदानाच्या वेळी हात वर करायचा की खाली ठेवायचा हेही काही जण पडद्याकडे बघून विचारू लागले. एक सदस्य तर आभाराच्या भाषणात अडले आणि निःसंकोच पडद्याकडे कान करून थांबले. हिने त्यांना आभार मानून दिले. सभापती खूश झाले. तुला कायम करून टाकू, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि सगळ्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

मग एका वार्ताहराला पडद्याखालून चपला दिसल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात व्यंगचित्र आलं. ओळीने उभे पुढारी आणि पडद्याखाली दोन पावलं. सभापती भडकले. त्यांनी पडदा काढला आणि नवा हुकूम केला. आता हिने सर्वांसमोर माइकशी उभं राहायचं आणि न बघता एकेक ओळ सांगायची. सभागृह तिच्यामागून म्हणेल, शाळेत म्हणतात तसं. यात लपवण्यासारखं काही नाही, कागद मात्र दिसता कामा नये. कायम करण्याचा आदेश टंकून तयार होता. येत्या सभेनंतर सही करणार होते. चुकलीस तर मात्र, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं होतं. तिने ते घरी येऊन जसंच्या तसं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी मनात बऱ्याच प्रकारे पूर्ण केलं.

जन्मात काही पाठ न केलेली मुलगी. मी तिला कपड्यांच्या घड्या घालताना, केस विंचरताना, ती आंघोळीला गेली की दाराबाहेरून प्रतिज्ञा म्हणायला लावली. सुरुवातीला अडखळायची, पण शेवटी घडाघडा म्हणू लागली. तिच्या बाबांनाही पाठ झाली. दाढी करताना म्हणायचे.

सभेच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. तिने येऊ नकोस सांगितलं होतं, म्हणून खांबाआड बसले. विषय मोठा होता. शाळेच्या मैदानाच्या मधोमध गगनचुंबी ध्वजस्तंभ उभारायचा, भोवती कठडा, पहारेकरी, मुलांना आत मज्जाव. मास्तरांचा विरोध सगळ्यांना माहीत होता आणि ते बोलू शकणार नाहीत हेही सगळ्यांना माहीत होतं.

कुजबुज माइकपुढे उभी राहिली. माइकमुळे तिचा आवाज जन्मात पहिल्यांदा सगळ्या खोलीला ऐकू आला. मी खांबाआडून मान बाहेर काढली. एकेक ओळ जात होती, सभागृह मागून गरजत होतं. शेवटून दुसऱ्या ओळीवर ती थांबली.

आधी वाटलं, श्वास घेतेय. मग कळलं, श्वास नाही. सदस्य तोंडं उघडी ठेवून उभे होते. सभापती छताकडे बघत होते, सचिव स्वतःच्या बुटांकडे. मला ती ओळ येत होती, मी ती खांबाआड पुटपुटलेही. आदेश, मुदत, ते अर्धं वाक्य, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. कुजबुज मात्र समोर बघत शांत उभी होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. मैदानात अडलेल्या पोराला मान वर न करता पुढची ओळ द्यायची, ही मास्तरांची जन्माची सवय. त्यांनी ती दिली.

"माझ्याहून वेगळं मत असणाऱ्याचं म्हणणं मी शांतपणे ऐकून घेईन."

सुटकेच्या आनंदात सगळं सभागृह त्या ओळीवर तुटून पडलं. इतक्या जोरात त्यांनी दुसरी कुठलीच ओळ म्हटली नसेल. सभापतींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग कुजबुजने शेवटची ओळ सांगितली, तीही म्हणून झाली, आणि सगळे घाम पुसत खाली बसले.

ध्वजस्तंभाचा विषय पुकारला. मास्तर उभे राहिले. सभापतींनी आठवण करून दिली, की आपण प्रतिज्ञा म्हटलेली नाही, आपल्याला बोलता येणार नाही.

"नाही म्हटली," मास्तर म्हणाले. "अडलेल्या पोरीला ओळ सांगितली. म्हटली तुम्ही. आता ऐका."

प्रेक्षकांत कोणीतरी खुदकन हसलं, मग बाकावरचे सगळेच. वार्ताहर भराभर लिहीत होता. सभापतींनी त्याच्याकडे पाहिलं, घोटभर पाणी घेतलं आणि पाच मिनिटं दिली.

मास्तरांना तेवढीही लागली नाहीत. झेंडा मी आयुष्यभर चढवला, ते म्हणाले, स्तंभ हवाच, वाटल्यास आणखी उंच करा. पण मैदानावर पोरं पळतात. नगरसभेच्या इमारतीपुढे ऐसपैस अंगण आहे, तिथे उभारा. आता त्या अंगणात सदस्यांच्या गाड्या लागतात. विरोध करावा तर झेंड्याला विरोध केल्यासारखं होतं, पाठिंबा द्यावा तर गाडी रस्त्यावर. बराच वेळ कोणी हात वर केला नाही की खाली घेतला नाही. अखेर विषय समितीकडे गेला आणि अजून तिथेच आहे. मैदानावर पोरं पळताहेत.

इकडे सभापतींनी सचिवांना बोलावून कुजबुजला नोटीस काढायला सांगितली. सचिवांनी मसुदा केला, की हिने ओळ न सांगितल्यामुळे सदस्यांना प्रतिज्ञा म्हणता आली नाही. सभापतींनी तो खोडला. दुसरा केला, की ओळ ऐनवेळी न मिळाल्याने सभागृह निरुत्तर झालं. तोही खोडला. कसंही लिहा, आपल्याला प्रतिज्ञा येत नाही एवढंच त्यातून वाचता येत होतं, आणि वार्ताहर बाहेर बाकावर बसून होता. शेवटी नोटीस राहिली आणि टंकून ठेवलेल्या आदेशावर सही झाली. तिची बदली पाणीपट्टीच्या खिडकीवर केली.

आदेश मी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, शिक्का खरा आहे ना तेही पाहिलं. मग तिला विचारलं, इतकी पाठ करून घेतली होती, तरी ऐनवेळी विसरलीस कशी.

ती चपला काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, विसरले असते तर तिच्या पुढची ओळ मला कशी आठवली?"

मी तो आदेश आधी कपाटात कुलूपबंद केला. तिला म्हटलं, अगं, नोकरी गेली असती तर? ती म्हणाली, हो, गेली असती. आणि हात धुवायला आत गेली.

हे मी तिच्या बाबांना सांगितलेलं नाही. ते भेटेल त्याला सांगत असतात, की पोरगी बिचारी घाबरून विसरली, मास्तर देवासारखे धावून आले. मी शेजारी उभी राहून मान डोलावते.