न विचारलेली साक्ष

अण्णा शाळेत संस्कृत शिकवत आणि घरी मला न्यायशास्त्र. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमान. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. केळी गोड आहेत म्हटलं तरी विचारायचे, "चाखून सांगतेस की ऐकून?" मला भारी राग यायचा.

भाषेप्रमाणे राज्यं केली आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. मराठी मास्तरांतले कोण राहणार, कोण जाणार, या धास्तीत सगळे होते. त्यातच शाळेच्या कोठीला आग लागली. पुस्तकं जळाली. शिपायाच्या बिडीनं लागली, असा बोभाटा झाला आणि चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरलं.

त्याच संध्याकाळी शिपाई आमच्या दारात आला. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. आईनं खोबरेल लावून फडकी बांधली.

"मास्तरजी, आग तर पहिलेच लागेल होती. मी पुस्तकं काढाले आत गेलतो. तुम्ही साहेबाले सांगजा."

अण्णांनी मान हलवली.

चौकशीच्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. खिडकीपाशी थांबले. साहेब म्हणाले, "जितना देखा, उतना ही बताइए।"

"ये कोठी से बाहर आ रहा था। पीछे धुआँ था," अण्णांनी एवढंच सांगितलं.

शिपाई फडकी बांधलेले हात पुढे धरून त्यांच्याकडे पाहत होता. अण्णा टेबलाकडे पाहत होते. त्याची नोकरी गेली.

घरी आईनं विचारलं तर म्हणाले, "एक अक्षर खोटं बोललो नाही. त्यानं पुस्तकं काढली, हे मी पाहिलं नव्हतं. ते अनुमान झालं."

"आणि हात?"

"हातांचं कुणी विचारलं नाही."

आईनं ताट पुढे सरकवलं आणि आत निघून गेली. मी तर त्या दिवसापासून अण्णांकडून एक ओळही शिकले नाही. पुढे शाहपूरच्या बाजारात तो शिपाई दिसला, केळीचे घड उचलताना. बोटं मिटत नव्हती म्हणून घड कोपरांत धरत होता. मी वाट बदलली.

शेवटच्या आजारात अण्णा एका दुपारी म्हणाले, "त्याचे हात मी पाहिले होते गं."

"मीही पाहिले होते. चौकशीच्या वेळी खिडकीतच उभी होते," मी म्हणाले. इतक्या वर्षांची चीड होती ती.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मग तू का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.