पाचला कार्ड, मग परत मशीनवर

आमच्याकडे ओव्हरटाइमचा हिशोब मी करायची. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर, तासाच्या दरावर. घरात दहावी पास मी एकटीच, म्हणून हा मान माझा. तासाचा दर काढायचा, त्याची दुप्पट करायची, जादा तासांनी गुणायचं. हे समोर चहा पीत विचारायचे, "बाईसाहेब, या महिन्याला काय देताय?" जसं काही पगार मीच वाटत होते!

दुप्पट दर मात्र थोड्याच तासांना मिळायचा. कायद्यानं ओव्हरटाइमला मर्यादा घातलेली, आणि ऑर्डरी काही कायदा विचारून येत नव्हत्या. त्यावर कारखान्यात एक रीत पडली होती. पाचचा भोंगा झाला की रांगेत उभं राहून कार्ड पंच करायचं, सुटलो असं दाखवायचं, आणि मागच्या दारानं परत मशीनवर जायचं. त्या तासांचे पैसे पाकिटात, साध्या दरानं. दुधाची तहान ताकावर. पण तक्रार कुणाचीच नव्हती, माझीही नव्हती. त्या पाकिटांतून आमचा गॅस आला होता आणि मुलीची फी जात होती.

नव्वदच्या दशकातली ती एक दिवाळी जवळ आली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास प्रेसखाली यांचा उजवा हात मनगटापासून गेला.

कंपनीनं हात वर केले. हा माणूस पाचलाच सुटला, म्हणाले. कार्ड तेच सांगत होतं. महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्या मारताना मी मालकाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, आणि मला बऱ्याच येतात.

मग विम्याचे साहेब चौकशीला घरी आले. कामावर असताना हात गेला असं ठरलं तर जन्मभर पेन्शन, नाहीतर काहीच नाही. मी यांना सकाळीच बजावलं होतं, "अहो, जे झालं तेवढंच सांगा."

साहेबांनी विचारलं, "पाचला सुटलात, मग सातला मशीनवर काय करत होतात?"

हे खाली बघत म्हणाले, "डबा राहिला होता साहेब. घ्यायला गेलो, अन् उगाच मशीनला हात लावला."

साहेबांनी परत विचारलं. यांनी परत तेच सांगितलं. कागदावर यांच्या डाव्या हाताचा अंगठा उमटवून घेऊन साहेब निघून गेले.

मी दार लावलं. "खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर पाचनंतरचं काम बंद पडलं असतं. साऱ्यांचंच. त्या पैशांच्या भरवशावर लोकांनी दिवाळीला उसनवारी केलीय. कशी फेडतील?"

"आणि आपली पोरगी?"

"तिचं व्हईल काहीतरी," म्हणाले.

इतका राग मला मालकाचाही आला नव्हता. या भल्या माणसानं आपल्याच लेकीच्या तोंडचं काढून गावाला वाटलं होतं. जेवायची वेळ झाली होती. मी ताट वाढलं, त्यांच्यापुढे आपटलं आणि स्वयंपाकघराकडे निघाले. दोन पावलं गेल्यावर आठवलं, यांना अजून भरवावं लागतं. मी परत फिरले, खाली बसले आणि वरणभात कालवायला घेतला.