दोनशेच्या पिंपात दोनशे चाळीस

झीनत बागवान ही माझी विद्यार्थिनी. एकतीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. पोरं हा विषय 'पास व्हायला सोपा' म्हणून घेतात हे पक्कं ठाऊक असूनही शिकवलं. झीनतनं तो आवडला म्हणून घेतला होता. अशी पोरगी मास्तराच्या वाट्याला एकदाच येते. तिचं वाटोळं करायला मीही हात लावला, हे मी अजून आमच्या हिच्याजवळसुद्धा धड बोललेलो नाही, म्हणून लिहितो आहे.

आमची घरं एकाच गल्लीत, सात रस्ता चौकापासून पाच मिनिटांवर. तिचे वडील रहिमतुल्ला टेम्पो चालवतात, जेऊरकडून केळी भरून मार्केटात आणतात. आई कमरबी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण गल्लीत कुणाच्या घरी काय दुखतंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं. झीनत त्यांची एकुलती एक.

बी.ए. झाल्यावर तिनं कुठूनसा एक अभ्यासक्रम हुडकून काढला. पहिलं वर्ष पोर्तुगालात मानसशास्त्र, दुसरं वर्ष नेदरलँडमध्ये शाश्वतता, आणि शेवटी एक प्रबंध. तो दोन्ही विद्यापीठांनी मान्य केला तर दोन पदव्या. एकानंही नाकारला तर एकही नाही. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी पेढे वाटले. शाश्वतता म्हणजे काय, हे रहिमतुल्लांनी मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागून म्हणालो, "जे आहे ते पुरवून पुरवून वापरायचं शिक्षण."

"त्याला एवढ्या लांब कशाला जायला पायजे सर?" ते म्हणाले. "आमच्या घरात कमरबी शिकवती की."

पोरगी गेली. पहिल्या वर्षी चांगले गुण मिळवले. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिच्याबरोबरची पोरं जंगलं आणि समुद्र घेऊन बसली होती, आणि हिनं आमची गल्ली घेतली. मला फोनवर म्हणाली, "सर, आपल्याकडे शिळं पाणी ओततात ना, ते का ओततात ते मला शोधायचंय."

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. मधले चार दिवस पिंपातलं पाणी जपून वापरायचं, भांडी घासलेलं पाणी संडासात टाकायचं, पाहुणा आला तर आधी अंदाज घ्यायचा की हा आंघोळ करणार का. आणि पाचव्या दिवशी सकाळी पाणी सुटलं की पहिलं काम काय? पिंपात उरलेलं तीस-चाळीस लिटर पाणी गटारात ओतायचं. का, तर ते शिळं झालं. ज्या पाण्यासाठी काल सासू-सुनेचं वाजलं, तेच पाणी आज गटारातून वाहत जातं. माझी आई ओतायची, मीही ओततो. मानसशास्त्राची पुस्तकं वाचून माझ्यात काडीचा फरक पडला नाही.

जानेवारीत झीनत आली, ती तीन महिन्यांसाठी. तिनं साठ घरं घेतली आणि प्रत्येक घराला एक वही दिली. वहीत तीन रकाने होते: किती उरलं, किती ओतलं, किती भरलं. पिंपात बुडवून मापायला रेघा मारलेली काठीसुद्धा दिली. पहिला महिना नुसतं लिहायचं होतं. बायकांनी हसत हसत खरं खरं लिहिलं. गल्लीतल्या सोनाबाईंनी तर एकदा दोन घागरी जास्तीच्या ओतल्या, पोरीच्या वहीत चांगला मोठा आकडा दिसावा म्हणून.

मग तिचा खरा प्रयोग सुरू झाला. ती घरोघर दोन पेले घेऊन गेली. एकात पाचव्या दिवसाचं पाणी, एकात त्याच सकाळचं. ओळखा म्हणाली. एकालाही धड ओळखता आलं नाही. सोनाबाईंनी शिळ्याचा घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ह्ये ताजं. गोड लागतंय बग." सगळी गल्ली हसली. झीनतला वाटलं, जमलं.

पुढच्या दोन्ही वेळा पाणी सुटलं आणि गटार पहिल्यासारखंच दुथडी भरून वाहिलं.

त्या संध्याकाळी तिचा तिकडच्या मार्गदर्शक बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. बाई एवढंच म्हणाल्या की परिणाम दिसत नाहीये, पण हरकत नाही, मोजत राहा. हे मला नंतर कळलं. परिणाम दिसला नाही असं लिहिलं असतं तरी तिचा प्रबंध पास झाला असता. लोक बदलले नाहीत, हेही उत्तरच असतं, मोजणी खरी असली की झालं. पण पोरगी दमलेली होती. कॉल बंद करून ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. कमरबींना त्यातून एकच गोष्ट समजली: बायका पाणी ओततात, म्हणून आपली पोरगी नापास होणार.

दुसऱ्या दिवशी त्या डोक्यावर पदर घेऊन साठ घरं फिरल्या. माझ्याकडेही आल्या.

"सर, तुमी बी शून्य लिवा. पोरीची परीक्षा हाय."

मी म्हणालो, "कमरबी, असं नसतं. खरं लिहायचं असतं."

"मग ओतू नका."

ओतायचं नाही, हे बरोबरच होतं. पण आमच्या हिला शिळ्या पाण्याचा चहा घशाखाली उतरत नाही. पाणी सुटलं, हिनं पिंप उलटं केलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. "शून्य लिवा," ही म्हणाली. "पोरगी आपली हाय. एका घरानं काय फरक पडतोय?" एकतीस वर्षं मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं, की माणसं प्रयोग करणाऱ्याला खूश करायला खोटं बोलतात. त्यावर परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न यायचा. आणि मी पेन उचललं आणि शून्य लिहिलं. त्या वेळी मला बरं वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट. पुढं प्रत्येक पाचव्या दिवशी मी न सांगता शून्य लिहीत गेलो.

बाकीच्या एकोणसाठ घरांनीही तेच केलं. फक्त पाणी आता समोरच्या गटारात नाही, मागच्या बोळात ओतलं जायचं, पोरीला दिसू नये म्हणून.

झीनत हवेत होती. सलग पाच वेळा शून्य. तिकडच्या बाईंनी लिहिलं की असं क्वचित पाहायला मिळतं. पदवी झाली की पाण्यावर काम करणाऱ्या त्यांच्या गटात तिला घ्यायचं जवळजवळ ठरलं. रहिमतुल्लांनी माझ्याकडे केळ्यांचा घड पाठवला. तो घड मी कसा खाल्ला, माझं मला माहीत.

मार्चच्या शेवटी, परत जायला आठवडा उरला असताना, ती दुपारी माझ्याकडे आली. हातात वह्यांचा गठ्ठा होता. बसली नाही.

"सर, दोनशे लिटरच्या पिंपात दोनशे चाळीस लिटर कसं मावतं?"



तिनं सोनाबाईंची वही उघडली. उरलं चाळीस, ओतलं शून्य, भरलं दोनशे. दुसरी वही उघडली. उरलं तीस, ओतलं शून्य, भरलं दोनशे. साठ घरांनी मधल्या रकान्यात मायेनं खोटं लिहिलं होतं, आणि शेजारच्या रकान्यात सवयीनं खरं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की जुनं ओतलं नाही तर नवं तेवढं मावत नाही. शेवटी तिनं बेचाळीस नंबरची वही काढली. ती माझी होती. उरलं पस्तीस, ओतलं शून्य, भरलं दोनशे. माझ्याच अक्षरात.

"सर, तुम्ही खरं सांगा."

"ओतलं," मी म्हणालो. "दर वेळी ओतलं."

तिनं मान हलवली. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "थँक्यू सर," आणि वह्या गोळा करून गेली.

त्यानंतरचे तीन दिवस आठवले की मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही. ती पुन्हा दारोदार गेली. हात जोडून म्हणाली, कुणी रागावणार नाही, खरंच किती ओतलं तेवढं सांगा, अजून वेळ आहे. बायकांना वाटलं, ही शेवटची तोंडी परीक्षा. सोनाबाईंनी तर गळ्याला चिमटा घेतला.

"आयशप्पत, एक थेंब न्हाय सांडला गं बाई. तू लिव बिनघोर."

मी मागोमाग जाऊन समजावलं, की पोरगी पास व्हायची असेल तर खरं सांगा, ओतलं म्हटलं तरी चालतं. त्यावर सोनाबाई माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू मी पोरीचा वैरी. "म्हंजी तुमी सांगितलं व्हय सर? मास्तर माणूस आणि पोरीलाच बुडवली की!" साठातल्या एकाच घरानं खरं सांगितलं, आणि गल्लीनं दोन महिने त्या घराशी अबोला धरला.

कमरबींनी तर शेवटपर्यंत कबूल केलं नाही. आपण काही चुकीचं केलं असं त्यांना वाटतच नव्हतं, मग कबूल काय करणार? झीनतनं त्यांना एकदाच विचारलं, परत विचारलं नाही.

मी तिला म्हणालो, "शेवटचा रकाना दुरुस्त कर. कुणाला कळणार आहे? उरलेलं वजा करून टाक." होय, मी म्हणालो. वाटोळं करायचं तर पुरतंच करावं.

"मला कळेल ना सर," ती म्हणाली.

तिनं दोन्ही विद्यापीठांना जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. पोर्तुगालवाल्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मान्यता दिली. नेदरलँडवाल्यांनीही कौतुक केलं, पण लिहिलं की मोजणी भरवशाची नाही, प्रबंध स्वीकारता येत नाही. पुन्हा करायचा तर आणखी एका वर्षासाठी नाव नोंदवा, स्वतःच्या खर्चानं. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपली. ती अर्जावर अर्ज करत राहिली आणि एकेक दार बंद होत गेलं. ऑगस्टमध्ये शेवटचं पत्र आलं, की आता नाव कमी केलं आहे. दोन पदव्यांच्या जागी तिच्याकडे एक दाखला आहे, की ही मुलगी इथे दोन वर्षं शिकत होती. तो तिनं मला वाचायला दिला. छान जाड कागद आहे.

आता ती इथल्या एका खासगी शाळेत समुपदेशक आहे. म्हणजे पाटी तशी आहे. बसते ऑफिसात, प्रवेशाचे फॉर्म भरून घेते आणि पालकांना फोटोच्या मागं नाव लिहायला सांगते. रस्त्यात भेटली की हसून "सर, बरं आहे ना?" म्हणते. माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नाही. तिला पूर्वी प्रश्न पडायचे, कुठंही, रिक्षात बसल्यावर, लग्नाच्या पंगतीत. आता पडत नाहीत, किंवा ती सांगत नाही. मला वाटतं, पडत नाहीत.

गल्लीत पाणी अजून पाचव्याच दिवशी येतं आणि गटार अजून तसंच वाहतं. बायका आता मागच्या बोळात जायचे कष्टही घेत नाहीत, समोरच ओततात.

मागच्या महिन्यात, पाण्याच्या दिवशी सकाळी, कमरबींनी मला हाक मारून घरात नेलं. झीनत शाळेत जायची तयारी करत होती. कमरबींनी पिंपावरचं झाकण काढलं.

"बघा सर. वरीस झालं. एक थेंब वतला न्हाय म्या. सोनाबाईला इचारा. सगळ्या वत्यात, म्या वतत न्हाय. हे खोटं न्हाय, खरंखरं हाय." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "अब लिख ले ना गे."

मी झीनतकडे पाहिलं. वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडावं. ती पर्स खाली ठेवून आत गेली. माळ्यावरून वही आणि ती रेघांची काठी घेऊन आली. वहीवर लिहिलं होतं: घर क्रमांक एक. तिनं काठी पिंपात बुडवली, वाकून पाहिलं आणि लिहिलं, उरलं पंचेचाळीस. ओतलं शून्य. नळाचा पाइप पिंपात सोडून ती तशीच उभी राहिली. पाणी काठाला लागलं तेव्हा नळ बंद करून तिसऱ्या रकान्यात लिहिलं, एकशे पंचावन्न. मी मनात बेरीज केली. बरोबर दोनशे.

शाळेला उशीर होत होता, तरी तिनं खाली तारीख घातली.

कमरबींनी पदरानं हात पुसले. "अब तो पास होती ना गे?"

"हां अम्मी," झीनत म्हणाली, आणि वही परत माळ्यावर ठेवून आली.